वही आणि वखार

वहीपूजनापूर्वी दुकानातील मालाची मोजदाद करण्याची चाल आपल्याकडील जुन्या पेढ्यांतून फार काळ चालत आलेली आहे. वहीत साखरेची चाळीस पोती शिल्लक दिसावीत आणि वखारीत मोजली असता ती अडतीसच भरावीत, असा अनुभव कोणत्या व्यापाऱ्यास आला नसेल? मग त्या दोन पोत्यांचा माग काढण्यात अर्धी रात्र जाई. कधी उधारीवर दिलेले पोते टिपून ठेवायचे राहिलेले असे, कधी मालगाडीतून उतरतानाच एक पोते कमी आलेले असे, तर कधी ते दुसऱ्याच थप्पीमागे दडलेले असे. वही आणि वखार यांचा मेळ बसविणे हे व्यापारातील सर्वांत जुने आणि सर्वांत कंटाळवाणे काम होय.

संगणक आल्यावर हे काम संपले असेल, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. निकोल डीहोरेशस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील एका मोठ्या विक्रेत्याच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. दर शंभर नोंदींपैकी सुमारे ६५ नोंदी मालाशी जुळत नव्हत्या! ही दुकाने संगणकाने सुसज्ज होती. याचा अर्थ इतकाच की, वही कागदाची असो वा विजेची, तिला डोळे नसतात. तिच्यात जे लिहिले जाते तेच ती सांगते.

तेव्हा वस्तूने स्वतःच ‘मी येथे आहे’ असे सांगितले तर? या एका प्रश्नातून जे तंत्र आकारास आले, त्याची ओळख करून देण्याचा आमचा येथे विचार आहे. ‘रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन’ असे त्याचे लांबलचक नाव असून ‘आर.एफ.आय.डी.’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. रेडिओलहरींच्या साहाय्याने वस्तूची ओळख पटविणे, हा त्याचा सरळ अर्थ. कारखान्यापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो, त्या साऱ्या पुरवठा-साखळीत या तंत्राने काय साधले, काय साधले नाही आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडला, हे पाहण्यासारखे आहे.

पट्ट्यांची मर्यादा

वस्तूवर यंत्राला वाचता येईल अशी खूण छापण्याची कल्पना आधी आली. नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना तिचे एकस्व १९५२ साली मिळाले. आज साबणाच्या वडीपासून पुस्तकापर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघा, म्हणजे बारकोड, ही तिचीच परिणत अवस्था. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट अशा यंत्रासमोरून गेले आणि दुकानदारीचा एक नवा अध्याय सुरू झाला.

बारकोड स्वस्त आहे आणि आपल्या जागी उत्तम आहे. परंतु त्याला तीन मर्यादा आहेत. पहिली, रेघा यंत्राच्या नजरेसमोर याव्या लागतात. पेटीच्या आतील वस्तू पेटी उघडल्यावाचून वाचता येत नाही. दुसरी, एका वेळी एकच वस्तू वाचली जाते. तिसरी अशी की, दुकानातील नेहमीचा बारकोड वस्तूची जात सांगतो, व्यक्ती सांगत नाही. एकाच प्रकारच्या हजार डब्यांवर एकच खूण असते. त्यांतील नेमका कोणता डबा हरवला हे तिच्यावरून कळत नाही.

नजरेवर अवलंबून असणाऱ्या खुणांचे काय होते, याचा धडा अमेरिकन रेल्वेने चांगलाच घेतला. आपली वाघीण कोठे आहे हे कळावे म्हणून तेथील रेल्वे कंपन्यांनी १९६७ पासून वाघिणींवर रंगीत पट्ट्यांच्या पाट्या लावण्यास सुरुवात केली. रुळांशेजारच्या यंत्राने त्या वाचावयाच्या होत्या. पण धूळ, काजळी आणि ऊनपाऊस यांनी पट्ट्या मळल्या, फिकटल्या, आणि १९७७ साली ती योजना गुंडाळावी लागली. पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याच कंपन्यांनी आपल्या वाघिणींवर रेडिओ-बिल्ले बसविले. धुळीने रंग झाकतो, पण रेडिओलहर अडत नाही.

कवडशाची युक्ती

हा बिल्ला बोलतो तरी कसा? उन्हात उभे राहून आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेला आहे. आरशापाशी स्वतःचा प्रकाश नसतो, तो सूर्याचाच प्रकाश परतवितो. आता आरसा ठरावीक तालाने झाकला आणि उघडला, तर कवडशाच्या उघडझापीतून दूरच्या मित्राला निरोप धाडता येईल. माल-वाहतुकीत वापरल्या जाणाऱ्या साध्या रेडिओ-बिल्ल्याची युक्ती नेमकी हीच आहे.

बिल्ल्यात बॅटरी नसते. पातळ पट्टीवर धातूची नागमोडी रेघ असते, ती त्याची आकाशतार, म्हणजे अँटेना. मध्यभागी मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी संगणकीय चकती असते. वाचनयंत्र रेडिओलहरी सोडते. त्या लहरींतूनच चकतीला जागे होण्यापुरती वीज मिळते. जागी होताच ती आकाशतारेची लहर परतविण्याची शक्ती झपाट्याने कमी-अधिक करते, आणि परतलेल्या लहरींच्या चढउतारातून यंत्राला बिल्ल्यावरील क्रमांक कळतो. परिस्थिती अनुकूल असल्यास हे संभाषण काही मीटर अंतरावरून होते. आपल्या देशात या कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला आहे.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. एका पेटीतील दोनशे बिल्ले एकदम बोलू लागले तर गलका होणार नाही काय? पंगतीत सर्वांनी एकाच वेळी ‘वाढा’ म्हटले तर वाढप्याचा जसा गोंधळ होईल, तसा येथेही होईल. म्हणून यंत्र सर्व बिल्ल्यांना मनातल्या मनात एकेक आकडा धरावयास सांगते आणि मग क्रमाने पुकारा करते. ज्याचा आकडा येईल त्याने बोलावे. दोघांचा आकडा एकच निघाला तर त्यांची फेरी पुन्हा. हा सारा व्यवहार इतक्या वेगाने चालतो की एका सेकंदात शेकडो बिल्ले वाचून होतात.

ही विद्या एकाच दिवशी जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धात येणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी विमानातूनच रेडिओ-उत्तर मिळविण्याची सोय करण्यात आली होती. १९४५ साली मॉस्को येथील अमेरिकन राजदूताला सोव्हिएत मुलांकडून लाकडात कोरलेले एक राजचिन्ह भेट मिळाले. त्याच्या आत लेव्ह तेर्मेन या शास्त्रज्ञाने बनविलेले चोरटे श्रवणयंत्र होते. त्याला ना बॅटरी ना तार. बाहेरून सोडलेल्या लहरींवरच ते चाले. ते सापडावयास १९५२ साल उजाडले! परावर्तित शक्तीने संदेश पाठविण्याचा शास्त्रीय विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. १९७३ साली मारिओ कार्डुलो यांना स्मरणशक्ती असलेल्या बिल्ल्याचे, तर चार्ल्स वॉल्टन यांना किल्लीवाचून दार उघडणाऱ्या बिल्ल्याचे एकस्व मिळाले.

क्रमांक बिल्ल्यावर, माहिती अन्यत्र

एवढे सगळे होऊनही किराणा व कपडा यांच्या व्यापारात हे बिल्ले शिरले नाहीत, कारण ते महाग होते. ती कोंडी फोडण्यास निमित्त झाले लिपस्टिकचे. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचे काम पाहणाऱ्या केव्हिन ॲश्टन यांना असे आढळले की, लिपस्टिकची एक खपणारी छटा दुकानांच्या फळीवर वारंवार नसे. पण वखारीत मात्र ती भरपूर असे. माल होता, गिऱ्हाईक होते आणि तरीही विक्री होत नव्हती. फळी रिकामी आहे, हे वखारीला सांगणारे कोणी नव्हते!

१९९९ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात या प्रश्नावर काम करणारे केंद्र स्थापन झाले. ॲश्टन यांच्याबरोबर तेथे डेव्हिड ब्रॉक आणि कानपूरच्या आय.आय.टी.चे माजी विद्यार्थी संजय शर्मा हे होते. त्यांचा महत्त्वाचा विचार फार साधा होता. बिल्ल्यावर वस्तूची सारी कुंडली कशाला कोरावयाची? त्यावर केवळ एक क्रमांक ठेवावा आणि बाकीची माहिती दूरच्या संगणकात ठेवावी. स्मरणशक्ती जितकी कमी तितकी चकती लहान आणि स्वस्त. पाच सेंटांचा बिल्ला हे त्यांनी पुढे ठेवलेले लक्ष्य होते.

या क्रमांकाच्या प्रचलित रचनेत ९६ द्विमान अंक असतात. त्यांत उत्पादकाचा क्रमांक, वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक आणि शेवटी त्या नगाचा स्वतःचा क्रमांक येतो. केवळ या शेवटच्या भागात एकाच प्रकारच्या सत्तावीस हजार कोटींहून अधिक नगांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. प्रत्येक सदऱ्याला आपले स्वतःचे नाव मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही व्यवस्था आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. मोटारीच्या काचेवर चिकटविलेला फास्टॅग म्हणजे असाच बिनबॅटरीचा बिल्ला. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. त्या चिकटपट्टीत पैसे नसतात. पैसे बँकेच्या वा तत्सम खात्यात असतात. बिल्ला सांगतो तो फक्त क्रमांक.

मोठ्यांचा हुकूम, लहानांचा खर्च

जून २००३ मध्ये वॉलमार्ट या जगातील सर्वांत मोठ्या किरकोळ विक्रेत्याने जाहीर केले की, आपल्याला माल पुरविणाऱ्या पहिल्या शंभर कंपन्यांनी जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर आणि थप्पीच्या फळ्यांवर रेडिओ-बिल्ले लावावेत. या घोषणेने सगळीकडे मोठी धांदल उडाली.

दुकानांना लाभ झाला, यात संशय नाही. आर्कान्सा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ साली बिल्ले वाचणारी बारा दुकाने आणि न वाचणारी बारा दुकाने यांची तुलना केली, तेव्हा फळी रिकामी राहण्याचे प्रमाण बिल्ल्यांमुळे १६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण हा लाभ विक्रेत्याच्या घरी दिसे आणि बिल्ल्यांचा खर्च पुरवठादाराच्या वहीत पडे. अनेक पुरवठादारांनी मग पळवाट काढली. माल गाडीत चढविण्याच्या शेवटच्या क्षणी खोक्यावर बिल्ला चिकटवावयाचा आणि हुकूम पाळल्याचे समाधान मानावयाचे. त्यांच्या स्वतःच्या वखारीत तो बिल्ला कधी वाचलाच जात नसे. त्यांना खर्च तेवढा झाला, ज्ञान काहीच झाले नाही.

दुसरी अडचण निसर्गाची होती. धातू रेडिओलहरी परतवून लावतो आणि पाणी त्या शोषून घेते. म्हणजे पत्र्याचे डबे आणि सरबताच्या बाटल्या, हा वाणसामानातील मोठा भागच बिल्ल्यांना प्रतिकूल! खोक्यांची ती योजना पुढे हळूहळू थंडावली.

तंत्राचे खरे चीज कपड्यांच्या दुकानांत झाले. कापडात धातू नाही, पाणी नाही. शिवाय एकाच नमुन्याचा सदरा पाच मापांत आणि सहा रंगांत ठेवावयाचा म्हटले की तीस प्रकार होतात. त्यांतील गिऱ्हाइकाला हवे असलेले एकच माप फळीवर नसले तरी विक्री हुकते. वॉलमार्टनेही २०१० साली पुरुषांच्या जीनपासून नवा आरंभ केला आणि २०२२ साली घरगुती वस्तू, खेळणी इत्यादींपर्यंत बिल्ल्यांची मागणी वाढविली. स्पेनमधील झारा या प्रसिद्ध दुकानमालिकेनेही याच मार्गाने आपल्या कपड्यांची गणना सुरू केली. जेथे माणसांना रात्रभर कपडे उलगडून मोजावे लागत, तेथे हातात यंत्र धरून फळ्यांमधून एक फेरी मारली की गणना होऊ लागली.

लोखंडाचे डोंगर आणि न्हावा-शेवा

ज्या २००३ साली वॉलमार्टचा हुकूम निघाला, त्याच साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही आपल्या पुरवठादारांना तशीच सूचना केली. त्यामागे १९९१ च्या आखाती युद्धाचा कडू अनुभव होता. त्या युद्धासाठी सुमारे ४०,००० कंटेनर आखातात धाडण्यात आले. त्यांतील २५,००० हून अधिक कंटेनर आत काय आहे एवढेच पाहण्यासाठी उघडावे लागले! पाठविलेली वस्तू सापडत नाही म्हणून ती पुन्हा मागवावी आणि ढीग आणखी वाढावा, असे चक्र सुरू झाले. या ढिगांना सैनिक ‘लोखंडाचे डोंगर’ म्हणत.

युद्धात जे घडते ते शांततेच्या व्यापारातही लहान प्रमाणावर रोज घडत असते. नवी मुंबईजवळचे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. समुद्रापासून दूर असलेल्या गावांसाठी देशाच्या आत जकात-तपासणीची सोय असलेली कंटेनर-आगारे आहेत; त्यांना ‘कोरडी बंदरे’ म्हणतात. वडोदऱ्याजवळ दशरथ, ग्वाल्हेरजवळ मालनपूर, हैदराबादेत सनतनगर ही नावे आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाची असतील. पिठमपूरच्या कारखान्यातून निघालेला माल बंदरात पोहोचला की वाटेतच कोठे अडकला, हे कळण्यासाठी पूर्वी दूरध्वनीवर किती तास जात, हे त्या व्यवसायातील मंडळींना सांगावयास नको.

जुलै २०१६ मध्ये याच बंदरात आयात-निर्यातीच्या कंटेनरांवर रेडिओ-बिल्ले लावण्याची योजना सुरू झाली. ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ असे तिचे नाव असून भारत सरकार आणि जपानची एन.ई.सी. कंपनी यांच्या सहकार्यातून ती उभी राहिली. पुढे ती देशातील इतर बंदरांतही पसरली. बंदराच्या दारात, महामार्गावरील नाक्यांवर आणि आगारांच्या फाटकांवर वाचनयंत्रे असतात. मालधन्याने कंटेनरचा क्रमांक दिला की तो शेवटी कोठे दिसला ते त्याला घरबसल्या कळते. प्रत्येक कंटेनरमागे त्यासाठी आकार द्यावा लागतो, परंतु येथे निदान ज्याचा खर्च त्यालाच माहिती, असा न्याय आहे.

२०१७ साली जकात खात्याने आणखी एक पाऊल टाकले. निर्यातदाराने आपल्या कारखान्यातच कंटेनर बंद करून त्याला रेडिओ-मोहोर लावावी, अशी ती पद्धत आहे. मोहोर फोडली गेली तर बंदरातील यंत्राला ते कळते आणि तो कंटेनर तपासणीसाठी बाजूला काढला जातो. पूर्वी मोहोर लावण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागे. ती प्रतीक्षा संपणे ही लहान कारखानदाराच्या दृष्टीने मोठीच सोय होय.

बिल्ला काय जाणत नाही

इतके गुण गाइल्यावर तंत्राचे अज्ञानही सांगितले पाहिजे. बिल्ला स्वतःला ओळखतो, वस्तूला नाही. चांगल्या तुपाच्या डब्याचा बिल्ला काढून भेसळीच्या डब्यावर लावला तर तो तितक्याच प्रामाणिकपणे जुनाच क्रमांक सांगेल. रिकाम्या खोक्यावरील बिल्लाही ‘हजर’ म्हणतो. नोंदीतील चुका यंत्र कमी करते, परंतु नोंद करणाऱ्याच्या हेतूची शुद्धी ते करू शकत नाही.

खाजगी जीवनाचाही प्रश्न आहे. मार्च २००३ मध्ये बेनेटन या इटालियन कंपनीच्या कपड्यांत असे बिल्ले शिवले जाणार, अशी बातमी आली आणि पाश्चात्त्य देशांत मोठी ओरड झाली. अंगावरचा सदरा दुकानाबाहेरही क्रमांक सांगत राहिला, तर माणसाच्या येण्याजाण्याचा माग काढता येईल, ही ती भीती. कंपनीने पाऊल मागे घेतले. पुढे बिल्ल्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांना कायमचे मुके करण्याची आज्ञा समाविष्ट करण्यात आली. बहुतेक दुकाने हल्ली बिल्ला कागदी चिठ्ठीतच ठेवतात. नव्या कपड्याची चिठ्ठी उजेडाकडे धरली असता कधी आत धातूची नागमोडी रेघ दिसते. ती कापून टाकली की काम झाले.

आणि प्रत्येक ठिकाणी बिल्लाच हवा असेही नाही. बनावट औषधांना आळा बसावा म्हणून आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यू.आर. चौकट छापणे बंधनकारक झाले. ती छापावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि घरातील भ्रमणध्वनीनेही ती वाचता येते. जेथे शाईने भागते तेथे चकती लावणे हा शहाणपणा नव्हे.

आपल्या समाजात लहान कारखाने, छापखाने, औषधांची व कापडाची दुकाने चालविणारी मंडळी पुष्कळ आहेत. आज ना उद्या एखादा मोठा गिऱ्हाईक त्यांना ‘बिल्ले लावा’ असे सांगेल. तेव्हा त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत, असे आम्हांस वाटते. बिल्ल्याचा खर्च कोणाचा? त्यातून मिळणारी माहिती आम्हांलाही दिसणार काय? आणि ती आमच्या स्वतःच्या वखारीत उपयोगी पडेल अशी सोय आम्ही केली आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मोहरीएवढी ती चकती वर्षानुवर्षांचा त्रास वाचवील. नसतील, तर ती दुसऱ्याच्या सोयीसाठी आपण भरलेला एक नवा कर ठरेल. वही लिहिण्याची मेहनत यंत्राने हलकी केली आहे. ती वही कोणाच्या हाती राहावी, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे.